पहिला मुक्काम, दहावं वर्ष

लालबागच्या आमच्या चाळीत दोन म्हाताऱ्यांचा एक वाद वर्षानुवर्षं चालला. एक माझे आजोबा, गिरणीत साचेखात्यात आयुष्य काढलेले. दुसरे त्यांचे मावसभाऊ. त्यांना सगळी चाळ ‘कराचीचे आप्पा’ म्हणायची. वादाचा विषय एकच: मुंबई मोठी की कराची? संध्याकाळी गॅलरीत बाकडं टाकलं की कोणीतरी काडी लावायचं आणि आप्पा सुरू व्हायचे. “रोज सकाळी रस्ते पाण्यान धुयत थय! तुमच्या मुंबयत असा कधी बघितलंस?”

आप्पा तरुणपणी कराचीच्या बंदरात कामाला होते. देवगडकडच्या मुलाने कराची गाठणं आज चमत्कारिक वाटतं, पण तेव्हा त्यात विशेष काही नव्हतं. १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता. मुंबईहून कराचीला आगबोटी जात. तिथे मराठी कारकून, मास्तर, बंदरावरचे कामगार अशी सगळी वस्ती होती. कराचीतली एन. जे. व्ही. हायस्कूल ही जुनी नामांकित शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची. आप्पा सांगत ती रुंद रस्त्यांची, बागांची, स्वच्छतेची कराची ही नुसती आठवणींतली रंगरंगोटी नव्हती. जमशेद नसरवानजी मेहता या पारशी गृहस्थांनी तिथल्या नगरपालिकेत वर्षानुवर्षं जीव ओतून काम केलं आणि १९३३ साली ते त्या शहराचे पहिले महापौर झाले. पंजाबचा गहू आणि कापूस जहाजांत भरणारं ते बंदर मुंबईच्या तोडीस तोड होऊ पाहत होतं. आप्पांच्या बोलण्यात खोट नव्हती.

आजोबा सगळं ऐकून घ्यायचे आणि मग त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा. “धुतले रस्ते, बरा झाला. पण तू थय गेलंस तेव्हा पयलो मुक्काम खय केलंस, ता सांग.”

कुठल्याही शहराचं नाव निघालं की आजोबा हेच विचारत. खिशात पैसा नाही, ओळख नाही, अशा माणसाने तिथे पहिला मुक्काम कुठे केला? त्याला किती दिवसांनी काम मिळालं? तोवर जेवायला कोणी घातलं? इमारती, बंदर, कचेऱ्या यांबद्दल त्यांना काही विचारायचंच नसे. लहानपणी मला हा अडाणी हट्ट वाटायचा. पुढे इतिहास वाचू लागले तशी माझी खात्री होत गेली की शहरांची तुलना करायला याहून चांगलं माप माझ्या वाचनात आलेलं नाही.

आजोबांचा स्वतःचा पहिला मुक्काम आम्हांला तोंडपाठ होता. मिसरूड फुटायच्या आत ते देवगडला पडावातून बोटीवर चढले. डेकवर रात्र काढली, सकाळी भाऊच्या धक्क्यावर उतरले. हा धक्का भाऊ अजिंक्य यांनी १८४१ च्या सुमारास बांधला. त्याआधी कोकणातून येणारा माणूस होडीतून उतरून चिखल तुडवत मुंबईत शिरायचा. धक्क्यावरून डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन आजोबा चालत लालबागला आले आणि गावकऱ्यांच्या खोलीत पोचले.

ही खोली काय होती, ते आज कोणाला पटकन कळणार नाही. दहा-बारा फुटांची एक खोली, एका गावाच्या नावावर. तिच्यात तीस-चाळीस पुरुष. प्रत्येकाला भिंतीशी एक ट्रंक आणि एक वळकटी ठेवायची मुभा, बाकी मालकीचं काही नाही. रातपाळीचा माणूस सकाळी परतला की दिवसपाळीवाल्याने गुंडाळलेली पथारी उघडून त्याच जागी आडवा व्हायचा. उरलेले गॅलरीत, जिन्यात, फुटपाथवर झोपत. भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर आणि खिळ्याला अडकवलेली मंडळाची वही. कमावत्याने महिन्याची वर्गणी द्यायची आणि बिनकामाच्या माणसाकडे काम लागेपर्यंत कोणी पैसे मागायचे नाहीत, हा नियम. वही आजोबांनी पुढे बरीच वर्षं सांभाळली. देवळाचा जीर्णोद्धार, गावच्या शाळेचं छप्पर, एखाद्या विधवेला पाठवलेली मनिऑर्डर, सगळा हिशोब त्यात.

आजोबा पोचले त्या रात्री खोलीतल्या एका काकांनी त्यांना खानावळीत नेलं आणि बाईंना सांगितलं, याचं माझ्या नावावर मांडा. दुसऱ्या दिवशी पहाटे भोंग्याआधी त्यांना गिरणीच्या दारात उभं केलं, बदली म्हणून. बदलीला रोज काम मिळेलच असं नसे. जॉबरची मर्जी लागायची आणि बहुतेक वेळा त्याचा हात ओला करावा लागायचा. आजोबा ते दिवस गोड करून सांगत नसत. पण ते म्हणत, की रिकाम्या हाताने परतलो त्या दिवशीही खानावळीत ताट वाढलेलं असायचं.

अशा खोल्या एकट्या कोकण्यांच्या नव्हत्या, हे मला मोठेपणी कळलं. धोबीतलावच्या जेर महालात आणि माझगावात गोव्याच्या एकेका गावाचे कूड होते. बोटीवर नोकरी मिळायची वाट पाहणारे गोंयकार खलाशी तिथे राहत, आल्तारापुढे एकत्र तेर्स म्हणत. हजला निघालेल्यांसाठी मुसाफिरखाने, व्यापाऱ्यांच्या धर्मशाळा, पारशांच्या बागा. १८३२ च्या सुमारास बगदादच्या पाशाच्या जाचातून निसटलेला डेव्हिड ससून इथे आला. त्याच्या मुलाने बांधलेली गोदी १८७५ साली खुली झाली, आणि आज कोळणी तिच्यावर पहाटे मासळीचा लिलाव करतात. मुंबईने आपण होऊन कोणाला फारसं काही दिलं नाही, हेही खरं. या खोल्या माणसांनीच माणसांसाठी काढल्या. शहराने त्या काढू दिल्या, आणि एवढं करणंही सगळ्या शहरांना जमत नाही.

सुरतेचं उदाहरण घ्या. माझे वडील मूळजी जेठा मार्केटात एका कापडाच्या पेढीवर होते. तिथले वयोवृद्ध सुरती मुनीम त्यांना सांगत, आमच्या सुरतेवर चौऱ्याऐंशी बंदरांचे बावटे फडकायचे, तेव्हा तुमच्या मुंबईत माड आणि चिखल होता. मुनीमजींचं म्हणणं बरोबर होतं. सतराव्या शतकात सुरत मुघल साम्राज्याचं मुख्य बंदर. विरजी व्होरासारखा सावकार तिथला, ज्याच्याकडून इंग्रज कंपनी कर्ज काढायची. मुंबई मात्र इंग्लंडच्या राजाला पोर्तुगीज राजकन्येबरोबर आंदण मिळालेली आणि १६६८ साली त्याने वर्षाला दहा पौंड भाड्यावर कंपनीला देऊन टाकलेली.

सुरत का मागे पडली, असं विचारलं की आपण मराठी माणसं पटकन १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांकडे बोट दाखवतो. त्यांचा धक्का होताच. तापीचं मुखही गाळाने भरत चाललं होतं. पण या दोन स्वाऱ्यांच्या मधे, १६६९ साली, एक गोष्ट घडली, आणि मुनीमजींना तीच सर्वांत जिव्हारी लागलेली. शहराच्या काजीने वाण्यांवर धर्मांतराची जबरदस्ती सुरू केली. तेव्हा भीमजी पारेख यांच्या पुढाकाराने आठ हजारांच्या आसपास वाणी सुरत सोडून भरूचला निघून गेले. टांकसाळ, जकात, बाजार सगळं ठप्प झालं. बादशहाकडून आश्वासन आल्यावर ते परतले. जाण्याआधी त्यांनी मुंबईला येऊ का, असं इंग्रजांना विचारलं होतं. सुरतेच्या इंग्रज वखारीचा अध्यक्ष जेराल्ड अंजियर मुघलांच्या रोषाला भिऊन तेव्हा त्यांना हो म्हणू शकला नाही.

पण त्या प्रश्नातून तो काहीतरी शिकला, असं मला वाटतं. १६७७ साली दीवच्या नीमा पारेख या व्यापाऱ्याने मुंबईत येण्याआधी आपल्या अटी लेखी मागितल्या आणि कंपनीने त्या मान्य केल्या. त्याला आणि त्याच्या लोकांना धर्म पाळता येईल, प्रेतं आपल्या रीतीने जाळता येतील, त्यांच्या आवारात कोणी प्राणी मारणार नाही, कोणाला जबरदस्तीने बाटवलं जाणार नाही. कंपनीला व्यापार हवा होता, त्यात परोपकार शोधायचं कारण नाही. तरी लेखी शब्द दिला गेला. दहा वर्षांनी, १६८७ मध्ये, कंपनीने आपलं पश्चिमेकडचं मुख्य ठाणंच सुरतेहून मुंबईला हलवलं. १७३६ साली सुरतेचा लवजी वाडिया जहाजं बांधायला इथे आला. त्याच्या घराण्याने इथल्या गोदीत सागवानाची अशी जहाजं बांधली की १८१७ साली पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये आजही तरंगतं आहे. मुनीमजी म्हणत, मुंबई सुरतेनेच उभी केली. मी त्यांच्याशी वाद घालणार नाही.

आता पुन्हा आप्पांकडे येते, कारण आजोबांच्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होतं. कराचीत ज्याच्या भरवशावर ते गेले, तो माणूस गाव सोडून गेलेला निघाला. बंदराजवळच्या एका सिंधी व्यापाऱ्याच्या वखारीच्या ओट्यावर ते बसून राहिले. पठाण पहारेकऱ्याने भाषा कळत नसताना रोटी दिली आणि सकाळी स्वतः एका मराठी मुकादमाचं घर शोधून दिलं. हे ऐकल्यावर आजोबा गप्प व्हायचे. त्यांच्या मापाने कराची उत्तीर्ण होती.

हरलेले मात्र आप्पाच असत, आणि तेही स्वतःच्याच तोंडून. फाळणीनंतर पहिले काही महिने ते कराचीतच राहिले. आपलं इथे कोण वाईट करणार, या विश्वासाने. जानेवारी १९४८ मध्ये दंगल झाली. वखारीचा तो सिंधी मालकही जीव मुठीत धरून निघाला. आगबोटी भरभरून माणसं मुंबईला येऊ लागली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांची वस्ती झाली आणि पुढे तिचं उल्हासनगर झालं. आप्पा त्याच गर्दीत, हातात एक पिशवी घेऊन, लालबागच्या खोलीत आले. ट्रंकेची जागा मिळाली, पथारी मिळाली. वर्गणी काम लागेपर्यंत माफ.

कराचीने त्या वर्षांत माणसं नाकारली असं नव्हे. भारतातून गेलेल्या लाखो निर्वासितांना तिने घेतलं. एवढ्या थोड्या काळात एवढी माणसं सामावून घेणारी शहरं जगात फार नसतील. पण आलेल्यांना बसायला जागा झाली ती आधीचे उठले म्हणून. आजही तिथली मूठभर मराठी कुटुंबं गणपती बसवतात, अशी बातमी दरवर्षी वाचते तेव्हा आप्पा डोळ्यांपुढे येतात. आजोबांच्या मापात त्यांनी एक भर घातली होती, आणि माझ्या मते त्यानेच ते माप पुरं झालं. “पयलो मुक्काम कोणय देयत. धा वर्सांनी थयसून तुका उठयत नाय मा, ता बघ.”

नीमा पारेखने १६७७ साली कंपनीकडून लिहून घेतलं होतं ते हेच. आज आलो तर राहू द्याल; उद्या सत्ता बदलली, काजी बदलला, तरी राहू द्याल का?

माझी आजी हा सगळा वाद चुलीपाशी बसून ऐकायची. एकदा ती तिथूनच म्हणाली, “आणि बायकांचो मुक्काम? तो कोण इचारता?” गावकऱ्यांच्या खोलीत बाईला जागा नव्हती. नवऱ्याला स्वतंत्र बिऱ्हाड मिळेपर्यंत ती गावाकडे राबत राहायची. ज्या विधवा, टाकलेल्या बायका मुंबईत आल्या, त्या गिरणीत वाइंडिंग खात्यात लागल्या किंवा खानावळ चालवू लागल्या. आजी बरीच वर्षं दोन वेळच्या पोळ्या-भाताचे डबे करायची. गिरणीचा पगार महिन्याला, वाणसामान मात्र रोजचं, म्हणून मधले दिवस सावकाराच्या व्याजावर काढायचे. ज्या उधार ताटावर आजोबांचा मुंबईवरचा सगळा विश्वास उभा होता, त्या ताटाचं व्याज कोणीतरी बाई भरत होती. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा आजीचं वय होऊन गेलं होतं. ती म्हणायची, चाळीस वर्षं आधी व्हायला हवं होतं.

आणखी एक उंबरठा होता, ज्याच्याबद्दल आमच्या गॅलरीत कमी बोललं जायचं. आजोबांच्या साचेखात्यात दलित कामगार नव्हते. धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागे, म्हणून सवर्ण विणकर त्यांना तिथे येऊ देत नसत. विणकामात पगार चांगला, त्यामुळे हा विटाळ थेट पोटावर यायचा. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी पुढे आणली. खुद्द बाबासाहेबांच्या आयुष्यातला एका शहरातला पहिला मुक्काम मला फार वेळा आठवतो. ते शहर मुंबई नव्हे, बडोदा. १९१७ साली परदेशातून शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर हजर झाले. ज्या सयाजीरावांनी त्यांना शिष्यवृत्ती देऊन शिकायला पाठवलं, त्यांच्या राजधानीत त्यांना राहायला जागा मिळेना. पारशांच्या एका विश्रामगृहात नाव बदलून ते अकरा दिवस राहिले. मग काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. मित्रांकडे विचारून पाहिलं, कोणी ठेवून घेईना. बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. राजा इतका उदार, आणि त्याच्या शहरात एक खोली नाही! मुंबईत ते परळच्या बीआयटी चाळीत राहिले. १८९६ च्या प्लेगनंतर नेमलेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने त्या चाळी बांधल्या होत्या. मुंबई निष्पाप होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण बाबासाहेबांना सभा घेता येईल, वर्तमानपत्र काढता येईल आणि उद्या त्याच पत्त्यावर राहता येईल, एवढी जागा तिच्यात होती.

प्लेगचं नाव निघालं म्हणून सांगते. आजोबांचे वडील त्या साथीत मुंबईहून पायी गावी पळाले होते. लाखो माणसं पळाली, गिरण्या ओस पडल्या. त्याच दिवसांत ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत वाल्देमार हाफकिनने प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पणजोबांना हे काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की गिरण्या सुरू झाल्यात, आणि ते परत आले. १९२६ साली गिरणगावाच्या ऐन मध्यावर केईएम हॉस्पिटल उभं राहिलं. तिथलं वैद्यकीय महाविद्यालय देणगीतून झालं आणि शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत, ही देणगीदारांची अट होती. माझे वडील आणि त्यांची सगळी भावंडं तिथे जन्मली. केसपेपरवर गाव कुठलं हे लिहीत, पण त्यावरून कोणाला परत पाठवत नसत.

कलकत्त्याबद्दल मला थोडंच म्हणायचं आहे, कारण आमच्या घरात तिथे राहिलेलं कोणी नव्हतं. १९११ पर्यंत राजधानी ती होती. मुंबईच्या गिरण्या बव्हंशी पारशी, भाटिया, गुजराती, यहुदी मालकांनी काढल्या. कलकत्त्याची ताग आणि चहाची सत्ता दीर्घकाळ ब्रिटिश कंपन्यांच्या हाती राहिली, आणि त्या गेल्या तसा बराच पैसाही गेला. पण आजोबांच्या मापाने कलकत्त्याला कमी लेखता येत नाही. फाळणीनंतर सियालदह स्टेशनच्या फलाटांवर महिनोन् महिने राहिलेल्या माणसांनी शहराच्या कडेला स्वतःच्या वसाहती उभारल्या आणि त्या टिकल्या.

दहाव्या वर्षाचा प्रश्न मुंबईला मात्र माझ्या डोळ्यांदेखत विचारला गेला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्या मजल्यावरची भांडी, मग सोनं, मग गावची कलमं विकली गेली. संप संपला असं कोणी जाहीर केलं नाही. गिरण्या मात्र एकेक करून गेल्या. त्यांच्या जमिनींवर काचेचे मनोरे आले आणि ज्यांनी तीन पिढ्या तिथे घाम गाळला ते विरार, बदलापूर, नालासोपाऱ्याला गेले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये माणसांना त्यांच्या नावावरून घरातून उठवलं गेलं. आप्पा तेव्हा हयात नव्हते. आजोबा होते. मदनपुऱ्यातला त्यांचा एक जुना सोबती, एकाच खात्यात उमेदवारी केलेला, त्या महिन्यात कायमचा उत्तर प्रदेशात परत गेला. आजोबांनी त्यानंतर मुंबईची बाजू घेऊन वाद घातलेला मला आठवत नाही.

आज पुणे, बेंगळुरू, हैदराबाद, मुंबई यांत थोर कोण, हे मेट्रोच्या किलोमीटरांवर आणि विमानतळांवर मोजलं जातं. मला त्या मोजमापात मन घालावंसं वाटत नाही. झारखंडहून आलेला मुलगा, केरळची नर्स, परभणीहून स्पर्धा परीक्षेला आलेली मुलगी यांना खोली देताना आडनाव, ताटातलं अन्न आणि देव विचारणाऱ्या सोसायट्या या चारही शहरांत आहेत. सहा महिन्यांचं डिपॉझिट मागणाऱ्या शहरात आजोबा उतरले असते, तर संध्याकाळच्या बोटीने परत गेले असते.

आमच्या गावकऱ्यांची खोली अजून मंडळाच्या नावावर आहे. चाळ पुनर्विकासात गेली आहे, तिच्या बदल्यात मंडळाला नव्या इमारतीत स्वतंत्र फ्लॅट मिळणार आहे. तो विकून पैसे वाटून घ्यावेत, असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. हल्ली गावाहून खोलीवर राहायला येतंच कोण, असा त्यांचा मुद्दा. येतात. नर्सिंगला येतात, कॉलेजला येतात, टाटा हॉस्पिटलात बापाला घेऊन येतात, आणि त्यांतल्या निम्म्या मुली असतात. फ्लॅट विकू नये, त्यातली एक खोली मुलींसाठी ठेवावी आणि काम लागेपर्यंत वर्गणी माफ हा नियम तसाच राहावा, असा लेखी अर्ज मी मंडळाकडे दिला आहे. त्यावर गावच्या अकरा बायकांच्या सह्या आहेत. मंडळाच्या वहीत बाईची सही आजवर एकदाही झालेली नाही. सभेत मतदान होईल तेव्हा त्या अकराही जणी हजर राहणार आहेत.